जागेवाल्याची जपानी बाटली

नवऱ्याची जहाजावरची बॅग माळ्यावर होती आणि ती खाली उतरू नये, एवढंच मला हवं होतं. बाकी जपान, तांदूळ, चेहऱ्याची मलमं, सगळं त्या एका गोष्टीसाठी. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, एका बाटलीपायी ही बाई एवढी वेडीपिशी का झाली.

आमचं घर देवबागला. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी आणि तिच्यावर आम्ही. नवरा जहाजावर आचारी, लग्नाच्या आधीपासून. वर्षातले दोन-तीन महिने घरी, बाकी पाण्यावर. त्याचे वडील वारले तेव्हा तो कुठल्याशा बंदरात अडकला होता. घरी पोचला तोवर तेरावंही उलटून गेलं होतं. सासूबाई रडल्या नाहीत की रागावल्या नाहीत. पाय धुवायला पाणी दिलं, पान वाढलं आणि तो जेवायला बसल्यावर म्हणाल्या, "माझ्या वेळेक तरी घरात आस रे बाबा." तो पुढे जेवला नाही. ताट तसंच उचलून मी आत नेलं.

त्या खेपेला त्याने पहिल्यांदा कबूल केलं की आता इथेच काहीतरी करून बघू. मी मागच्या खोलीत मुठेलाचे, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचे, साबण आणि मलमं करायची. आमची प्रयोगशाळा म्हणजे सासूबाईंचे हात. आयुष्यभर मासळी विकून मिठाने आणि बर्फाने फाटलेले. त्यांच्या हाताच्या भेगा ज्या मलमाने मिटल्या तेच मी विकायला काढायची. त्यात नवऱ्याने आपला माशाला लावायचा मसाला जोडला. जहाजावर त्याने जगातल्या सगळ्या माशांना काय काय फासलं होतं, ते सगळं विसरून घरच्या तिरफळावर आला, आणि काय सांगू, बाटल्या हातोहात गेल्या. पण कुठवर? पर्यटक असेतो. पाऊस लागला की होड्या वर ओढतात, होमस्टेंना कुलपं लागतात आणि देवबागेत चिटपाखरू उरत नाही. बारा महिने माल उचलणारं कोणी मिळालं तर तो राहणार, नाहीतर परत जहाज. हे त्याने मला स्वच्छ सांगितलं होतं. जहाजावर माणसं पाठवणारा मुंबईचा एजंट तर दर चार दिवसांनी फोन करत होताच. त्याचा नंबर दिसला की मी फोन उपडा करून ठेवायची.

अशात पावसाने जरा उघडीप दिली आणि शेजारच्या होमस्टेचं कुलूप काढवून पुण्याच्या एक बाई तिथे उतरल्या. शहरात त्यांची दोन-तीन दुकानं, महागाची. माझं मलम हाताला लावून पाहिलं, नवऱ्याचा मसाला लावलेलं सरंग्याची तुकडी खाल्ली आणि म्हणाल्या, "दोन्ही घेईन. कायम घेईन." मी मनातल्या मनात बॅगेला माळ्यावर खिळा ठोकला. मग बाई म्हणाल्या, "फक्त त्यात एक गोष्ट घालायची."

ती गोष्ट म्हणजे जपानी तांदळाच्या दारूचा अर्क. स्वयंपाकघरात आणि आरशासमोर एकच जिन्नस, अशी त्यांच्या नव्या मालाची कल्पना होती. जपानात म्हणे तांदळाची दारू गाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे हात लहान मुलासारखे मऊ असतात. त्या आंबवणाचा अर्क चेहऱ्याला लावला की कातडी उजळते आणि माशाला लावला की मासा लुसलुशीत होतो. मी म्हटलं, "अहो, मग आमच्या लाल तांदळाची पेज आंबवू की. आमच्या तांदळाला काय धाड भरलीय?" बाई गोड हसल्या. म्हणाल्या, "कोकम तुमचं आहेच. सोबत जपान हवं." पंधरवड्यानंतर त्या पुन्हा यायच्या होत्या. त्यांच्यासमोर मलमाचा आणि मसाल्याचा एकेक घाणा करून दाखवायचा, त्यांना पसंत पडला की करार. आणि एजंटाला हो-नाही कळवायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

लागले मी जपानच्या मागे. देवबागेत समुद्राच्या वाऱ्याने फोन नीट ऐकू येत नाही, म्हणून मी न्हाणीघरात कोंडून घेऊन मुंबईचे व्यापारी एकामागून एक धुंडाळले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच: "मॅडम, चेहऱ्यासाठी की खाण्यासाठी?" मी म्हणायची, दोन्हीसाठी. मग पलीकडून पाढा सुरू. चेहऱ्याचा अर्क हवा तर मिळेल, पण त्यात टिकवणीची औषधं, पोटात जायला नको. खाण्याचा हवा तर मिळेल, पण त्यात मीठ, कातडीला लावाल तर आग होईल. दोन्हीला चालेल असा शुद्ध, दारू काढून टाकलेला, तपासणीच्या कागदांसकट? तो पिंपाने येतो, मॅडम. आख्खं पिंप घ्या. आमच्या खोलीत ते पिंप ठेवलं असतं तर मला बाहेर उभं राहावं लागलं असतं.

एकाने मोठ्या ऐटीत नमुना पाठवला. बाटली उघडली तर उदबत्तीचा वास. तांदळाचं धुवण, वर अत्तराचे थेंब! मी त्याला तिथल्या तिथे फोन लावला आणि चांगली मालवणीत हासडली, "तुझ्या तोंडार शिरां पडली मेल्या, जपान असो वास मारता?" त्याला अवाक्षर कळलं नसणार. पण फोन त्याने पटकन ठेवला, म्हणजे सूर कळला. नवरा दारात उभा राहून हसत होता. "हसतास काय?" मी त्याच्यावरच उखडले. "तुमका काय, तुमी बॅग उचलल्यात की सुटल्यात. मागे रवतलंय मी." त्याचं हसू मावळलं आणि मला वाईट वाटलं. पण बोलून बसले होते.

मग त्यालाच युक्ती सुचली. जहाजाच्या भटारखान्यात त्याने ही दारू वापरली होती. गोव्यात परदेशी दारूच्या दुकानात ती मिळते. ती आणायची, मंद आचेवर उकळून तिच्यातली दारू उडवायची आणि उरेल तो आपला अर्क. दोघं स्कूटरवर बसून म्हापशाला गेलो. बाटल्या मिळाल्या, सुबक, निळ्या काचेच्या. येताना मी त्या मांडीवर धरून बसले होते आणि अगदी खुशीत होते. इतकी की इन्सुलीचा नाका माझ्या डोक्यातच राहिला नाही. गोव्याची दारू परवान्याशिवाय इकडे आणता येत नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. पण ती दारू आहे असं मला वाटतच नव्हतं. मला ते मलम वाटत होतं.

नाक्यावरच्या साहेबांनी पिशवी उघडायला लावली. मी सरकारी ऑफिसात बोलतात तशा शुद्ध मराठीत सुरू केलं, "साहेब, ही पिण्यासाठी नाही. ही तोंडाला लावण्यासाठी आहे."

साहेब म्हणाले, "ताई, सगळे तोंडालाच लावतात."

मागे उभे असलेले दोन ट्रकवाले खो खो हसले. नवऱ्यालाही हसू फुटलं, तशा स्थितीतही. मला मात्र रडू आलं. साहेबांचं काही चुकलं नव्हतं. नियम तो नियम, त्यांनी नीट कागद केला, समज देऊन आम्हाला सोडलं आणि बाटल्या ठेवून घेतल्या. वरून मला पाणी विचारलं.

शेवटी देव पावला म्हणायचा तो मुंबईच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या रूपाने. त्यांच्याकडे नेमका तोच माल होता, खाण्याला आणि चेहऱ्याला दोन्हीला चालणारा, कागदांसकट. पण होता म्हणजे होऊन गेला होता. "मोठ्या कंपनीने सगळा उचलला, बेटा. पिंपाच्या तळाशी थोडा आहे. एक बाटली भरेल." पुढचा माल दिवाळीनंतर. मी न्हाणीघरात बादलीवर बसूनच हात जोडले आणि म्हटलं, काका, ती एक बाटली पाठवा, मला तेवढीच पुरे. खरंच तेवढी पुरणार होती. घाणे करून दाखवले, करार झाला की दिवाळीनंतरचा माल मी आधीच सांगून ठेवला असता. त्यांनी ती खोक्यात भुसा घालून, स्वतः बांधून पाठवली.

आणि ती अडकली. कुरिअरची गाडी कोल्हापूरकडून येते. घाटात दरड आली आणि रस्ता बंद झाला. पार्सलं कशीबशी खाली वैभववाडीत आणून टाकली होती, पुढे कधी निघतील ते कोणी सांगेना. मालवणच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "येईल हो, घाई काय आहे?" घाई काय आहे! मी घरीही न सांगता एसटीत बसले. मालवण, कणकवली, वैभववाडी. तिथल्या बाजारात एका गाळ्यात पार्सलांचा ढीग होता, आणि तिथला माणूस बिचारा चांगला, म्हणाला, "शोधा तुम्हीच." तळाला सापडलं माझं खोकं. वर कोणाची तरी शेवयांची पोतडी होती. मी ते कानाशी धरून हलवलं. आत डुचमळलं. परतीच्या गाडीत सगळी सीट रिकामी असूनही मी ते मांडीवर घेऊनच बसले.

घरी आल्यावर आम्ही तिघं टेबलाभोवती उभे राहिलो. बाटली साधीच होती, पण तिच्यावर जपानी अक्षरं आणि भाताची लोंबी छापलेली. सील शाबूत. मी ते फोडलं नाही. बाई आल्या की त्यांच्यासमोरच फोडायचं, म्हणजे खात्री पटेल. सासूबाईंनी बाटली हातात घेतली, लोंबीवरून अंगठा फिरवला.

"काय गो ह्या?"

मी सांगणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "सोरो आसा आये, सोरो. थेट जपानसून इलो तुका."

"माका कित्याक रे मेल्या!" त्या लाजल्या. आम्ही हसलो. कितीतरी दिवसांनी तिघं एकदम हसलो होतो, म्हणून हा सोरो, म्हणजे दारू नव्हे, दारू काढलेला अर्क आहे, असं मी त्याला दुरुस्त करायला गेले नाही. बाटली फ्रिजमध्ये, मसाल्याच्या बरण्यांच्या मागे ठेवली. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

इथे आमच्या जागेवाल्याबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात प्रत्येक जागेला राखणदार असतो, त्याला जागेवाला म्हणतात. आमचा घराच्या मागे, सुरंगीच्या झाडाखाली. एक दगड, बाकी काही नाही. घरात नवी वस्तू आली, नवं जाळं, होडीचं इंजिन, काहीही, तर वापरायच्या आधी त्याला दाखवायची. त्याच्या पुढ्यात दारू ओतायची आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे काय हवं ते मोठ्याने मागायचं. एक पुरुषमाणूस मागतो आणि जमलेले लोक दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मी हे सगळं बघत आले होते, मानतही होते, जेवढं घरातलं माणूस मानतं तेवढं. पण मलमाच्या खोलीशी त्याचा काही संबंध आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

बाई यायच्या त्या सकाळी आम्ही दोघं मालवणच्या बाजारात सुरमई आणायला गेलो. नवऱ्याने पाच ठिकाणी कल्ले उघडून बघितले, विकणारीने त्याला शिव्या घातल्या, त्याने परत दिल्या, मोठ्या मजेत चाललं होतं. येताना त्याने स्कूटरवर मागे मान वळवून मला विचारलं, "काय गो, जमात ना?" मी म्हटलं, "जमला म्हणान समजा."

घरी येऊन फ्रिज उघडला तर बरण्या होत्या, बाटली नव्हती.

मी बरण्या बाहेर काढल्या. खालचा कप्पा काढला. भाजीचा डबा उपडा केला. नवरा म्हणाला, नीट बघ. मी ओरडले, "नीटच बघतंय!" तेवढ्यात मागच्या दाराने सासूबाई आल्या. डोक्यावर पदर, कपाळाला ताजं कुंकू, चेहरा असा तृप्त की गणपतीची आरती करून आल्यात. माझा अवतार बघून त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला वास येत होता, पिकलेल्या केळ्यासारखा, गोडसर. त्या अर्काचा वास मला आयुष्यात मिळाला तो तेवढाच.

"आये, बाटली खंय आसा?"

"जागेवाल्याक दिलंय."

"सगळी?"

"मगे? अर्धी बाटली कोण देता तेका? तो काय भिकारी आसा?" त्यांना माझा प्रश्नच कळेना. "एवढ्या लांबसून वस्तू इली, तेका दाखवल्याबिगर वापरतल्यात? उद्या काय वायट झाला म्हणजे? तुमी मुंबयसून आणखी मागवा."

माझ्या तोंडाशी आलं होतं. सगळं. न्हाणीघरातली बादली, इन्सुली, वैभववाडी, दिवाळीनंतरचा माल, सगळं त्यांच्या अंगावर फेकणार होते. देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मला त्या म्हातारीचा इतका राग आला होता की तिचा हात मी झिडकारला. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या लेकाकडे बघत होत्या. त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "गाऱ्हाणा पण घातलंय. तो एजन मेलो फोन करता ता माका ऐकाक येता, मी काय भयरी नाय. जागेवाल्याक सांगलंय, माझ्या झिलाक आता घरातच ठेव. आता तू खंय जाणस नाय."

नवऱ्याने माझं मनगट पकडलं. घट्ट, दुखेल इतकं. मला ओढतच अंगणात नेलं. माडाखाली उभे राहिलो दोघं. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "तिका सांगू नको. काय झाला तरी तिका सांगू नको." मी त्याच्या छातीवर बुक्की मारली. एक, मग आणखी एक. मग तिथेच वाळूत बसले आणि तोंडात पदर कोंबला, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

फोन केला मुंबईच्या काकांना. काका म्हणाले, पिंप धुऊन ठेवलं, बेटा. तेवढ्यात नवरा बोलून गेला, आपल्या पेजेचं आंबवण भरू का एखाद्या बाटलीत, त्या बाईला काय कळतंय? पण त्यानेच मान हलवली. चेहऱ्याला लावायची आणि पोटात जायची वस्तू, तिच्यात लबाडी कोण करणार.

बाई दुपारी आल्या. मी त्यांना फाटकापाशीच गाठलं आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा, माल नक्की येतो, मी लिहून देते. बाई आधी चाट पडल्या. मग हसत सुटल्या. "म्हणजे देवाने प्यायली? अय्या, किती गोड!" त्यांना ती जागा बघायचीच होती. सासूबाईंना वाटलं, पाहुणीला जागेवाल्याचं दर्शन हवंय. त्या कौतुकाने पुढे झाल्या. सुरंगीखाली दगड होता, त्याच्यासमोर वाळूत ओला डाग होता आणि शेजारी ती बाटली उभी, गळ्यात जास्वंदीचं फूल अडकवलेली. बाईंनी फोटो काढले. दगडाचे, बाटलीचे, सासूबाईंचे. सासूबाईंना पदर नीट करायला लावून पुन्हा एक काढला. गोष्ट त्यांना इतकी आवडली की सोबतच्या मैत्रिणीसाठी त्यांनी ती मला दुसऱ्यांदा सांगायला लावली.

मी सांगितली. काय करणार? एखादे वेळी थांबतील, या आशेने सांगितली. हसूनसुद्धा सांगितली.

मग त्या जेवल्या. नवऱ्याने आपला नेहमीचा मसाला लावून सुरमई तळली होती, ती दोनदा मागून घेतली. बोटं पुसता पुसता म्हणाल्या, "फार सुंदर. पण आमची लाँचची तारीख ठरलीय हो. दिवाळीनंतर उपयोग नाही. पुढच्या हंगामात बघू ना!" मी म्हटलं, बाई, साधं कोकमाचंच घ्या, नाहीतर नुसता मसाला तरी. माझा आवाज कसा झाला होता ते मलाच ऐकवेना. भीक मागितली म्हणा ना. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मलमाच्या चार डब्या पैसे देऊन घेतल्या आणि गाडीत बसल्या. सासूबाईंनी त्यांना डब्यात सोलकढी भरून दिली.

आठवड्याच्या शेवटी एजंटाचा फोन आला तेव्हा नवरा बाहेर गेला नाही. आमच्यासमोरच "हो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी शिडी लावून त्याने बॅग खाली काढली आणि अंगणात झटकली. सासूबाई ओट्यावर कोलीम, म्हणजे जवळा, निवडत होत्या. त्यांनी बॅगेकडे बघितलं, मग लेकाकडे, मग घराच्या मागे सुरंगीच्या दिशेने. एकच प्रश्न विचारला, "चवथीक तरी?" म्हणजे गणपतीला तरी असशील का. तो बॅगेची चेन लावत बसला.

चतुर्थीच्या आधीच गेला. आमच्याकडे मुंबईची माणसं गणपतीला गावी येतात, तेव्हा आमचा माणूस उलट्या दिशेने निघाला. त्या वर्षी गणपती दिराने आणला, म्हणजे चुलत दिराने. सगळं यथासांग झालं.

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. पण त्या स्वतःच विचार करत होत्या. एका अमावस्येला, दिवेलागणीच्या आधी, त्या माझ्या मागच्या खोलीत आल्या. मी मुठेल वितळवत होते. हातात साध्या दारूची बाटली, शेजाऱ्याकडून मागून आणलेली. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माका कळला गो, तेणा कित्याक ऐकूक नाय ता."

मला वाटलं, कोणीतरी सांगितलं.

"गाऱ्हाणा बापया माणसान घालूचा. मी बायलमाणसान घातलंय. गावात कोणाक सांगूक लाज वाटली, झील परत चल्लो म्हणान. आणि एकलीच होतंय. व्हय म्हणूक कोण नाय होता. व्हय म्हटल्याबिगर गाऱ्हाणा पोचता खंय?" मग खाली बघून म्हणाल्या, "चूक माझीच झाली गो बाये."

मी गॅस बंद केला. मला सांगता आलं असतं. तुमची चूक ती नाही, चूक वेगळीच आहे, असं म्हणता आलं असतं. त्यांचा फाटका हात दाराच्या चौकटीवर होता, आणि अनेक दिवसांत मी तो मलम लावायलासुद्धा हातात घेतला नव्हता. मी म्हटलं, "चला आये. मी येतंय."

सुरंगीखाली ती जपानी बाटली अजून तशीच होती. लेबल पावसाने धुऊन गेलेलं, आत थोडं पावसाचं पाणी. सासूबाईंनी नवी बाटली उघडून दगडासमोर ओतली. पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि मोठ्याने सुरुवात केली.

"बा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा, माझ्याकडसून काय कमी पडला तर पोटात घाल. तुझा लेकरू पाण्यार आसा. जसो गेलो तसो तेका घराकडे आण रे म्हाराजा!"

थांबल्या. माझ्याकडे वळून बघितलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"मोठ्यान म्हण गो. तेका ऐकाक येवक व्हया."

मी सगळा जीव एकवटून ओरडले, "व्हय म्हाराजा!"